बिऱ्हाड बदललेली वाहिनी

14 नोव्हेंबर 2024 ला रिलायन्स आणि डिस्ने यांचा भारतातला टीव्हीचा कारभार एकत्र झाला आणि जिओस्टार नावाची कंपनी उभी राहिली. वर्तमानपत्रांनी सत्तर हजार कोटींचा आकडा छापला, क्रिकेटचे हक्क कोणाकडे जाणार ते छापलं, मोबाइलवरच्या ॲपचं काय होणार तेही छापलं. मराठीपुरती त्यातली गंमत मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला एकमेकींचे प्रेक्षक ओढायला टपलेल्या दोन वाहिन्या, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, त्या दिवशी एकाच मालकाच्या झाल्या. आमच्या घरात याचा कोणाला पत्ताही नव्हता. आई नेहमीसारखी एकीवर जाहिरात लागली की दुसरीवर जात होती, आणि दुसरीवर लागली की 'मेल्यांचं ठरलेलंच असतं' म्हणत परत येत होती. त्या दिवसापासून तिच्या म्हणण्यात थोडं तथ्य आलं, एवढंच.

या दोघींपैकी कलर्स मराठीवर माझा जुना जीव आहे. म्हणजे आताच्या कलर्सवर नाही, तिच्या आधीच्या अवतारावर. जुलै 2000 मध्ये ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव ई टीव्ही मराठी होतं आणि तिचा पत्ता हैदराबादचा होता. तेव्हापासून तिने जेवढी बिऱ्हाडं केली, तेवढी एखाद्या बदलीच्या नोकरीतल्या तहसीलदारानेही केली नसतील. आणि प्रत्येक बिऱ्हाडात काहीतरी मागे राहतंच. ट्रंका पोचतात, पाटा-वरवंटा राहतो.

ई टीव्हीचे मालक रामोजी राव. त्यांनी 10 ऑगस्ट 1974 ला विशाखापट्टणमहून 'ईनाडू' हे तेलुगू दैनिक काढलं. त्याच्या आधीपासून मार्गदर्शी चिट फंड होता, नंतर प्रिया लोणची आली, सिनेमे आले, आणि 1996 साली हैदराबादच्या बाहेर रामोजी फिल्म सिटी उभी राहिली. 'ईनाडू'चा खरा धडाका जिल्ह्याच्या पानांचा. मुख्य अंकाबरोबर प्रत्येक जिल्ह्याची वेगळी छोटी पुरवणी, त्यात तालुक्याची, मंडलाची, गावातल्या बंद पडलेल्या हातपंपाची बातमी. ज्याच्या गावाचं नाव छापून येतं तो पेपर विकत घेतो, इतका साधा हिशोब. टीव्हीत उतरल्यावर त्यांनी हाच हिशोब भाषांना लावला. 1995 साली तेलुगू ई टीव्ही आली. पुढच्या सातेक वर्षांत बांगला, मराठी, कन्नड, उर्दू, गुजराती, उडिया, आणि हिंदीत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार यांच्या वेगवेगळ्या वाहिन्या. मुंबई-दिल्लीच्या कंपन्या हिंदी एके हिंदी करत होत्या तेव्हा या गृहस्थाने फिल्म सिटीच्या एकाच आवारातून डझनभर वाहिन्या आकाशात सोडल्या. मराठी त्यातली एक.

माझ्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना मराठी बातम्या हैदराबादहून येतात याचं फार हसू यायचं. मराठी वाहिनी ती, आणि निवेदिका बसलेली कुठे, तर हयातनगरच्या पुढे! आम्हा उदगीरकरांना त्यात हसण्यासारखं काहीच वाटलं नाही. 1956 पर्यंत आमचं सरकारच हैदराबादला होतं. आजोबा उस्मानियात शिकले, त्यांचे मित्र हैदराबादच्या विवेकवर्धिनीत मास्तर झाले. अजूनही आमच्याकडे मोठं दुखणं निघालं की गाडीत बसून बिदर, जहीराबाद, विकाराबाद करत हैदराबाद गाठायचं हा रिवाज आहे. मुंबई लांब, तिथलं मराठी आणखीच लांब. त्यामुळे ई टीव्हीचं बातमीपत्र लागलं की आजोबांना आपल्या शहरातून काहीतरी येतंय असं वाटायचं. झी मराठीला, तेव्हाच्या अल्फा मराठीला, ते 'मुंबईवाल्यांचं' म्हणत.

आमच्या घरातला एक माणूसही त्या बातम्यांत होता. माझा मावसभाऊ लातूरला पत्रकारितेचा कोर्स करून ई टीव्हीच्या मराठी डेस्कवर लागला. त्या काळात मराठवाडा-विदर्भातल्या किती पोरांची पहिली नोकरी हीच होती. मुंबईच्या चॅनेलात ओळख लागते, इथे लेखी परीक्षा होती. हैदराबादच्या वनस्थलीपुरममध्ये तीन-चार जणांत खोली, सकाळी कंपनीची बस, आणि बसमध्ये डोळे मिटून ऐकलं तरी अर्धा देश कळावा इतक्या भाषा. डेस्कही तसेच एकमेकांना लागून. एका बाजूला कन्नड, पलीकडे उडिया, मध्ये कुठेतरी उर्दूवाले. भूकंप झाला की सगळ्यांची धावपळ एकदम, नाहीतर प्रत्येकाचा आपापला दुष्काळ.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मी अनेकांना ऐकवली आहे. बातमीची चित्रफीत कापायला बसणारा एडिटर बहुतेक वेळा तेलुगू असायचा. त्याला मराठीचा गंध नाही. समोर पडद्यावर यवतमाळकडचा कापूसवाला शेतकरी अस्सल वऱ्हाडीत बोलतोय. त्याच्या बोलण्यातला नेमका वीस सेकंदांचा तुकडा काढायचा. एडिटर माणसाचे ओठ आणि श्वास बघून अंदाज करायचा की वाक्य संपलं. हा शेजारी स्टुलावर बसलेला. दोघांमधली भाषा अर्थातच हैदराबादी.

'यहाँ काटूं?'

'नक्को, नक्को. उन्ने अबी बोलराय.'

असं करत रात्रीच्या बातमीपत्राची घटका भरायची. मावसभाऊ म्हणतो, ताई, तो एडिटर वर्षभराने इतका तयार झाला की शेतकरी रडायच्या आधी त्याला कळायचं. भाषा कळत नसल्यामुळे तो चेहरा बघायचा. आम्ही शब्द ऐकत बसायचो, आमच्याकडून चेहरा सुटायचा.

बातम्या तिथे पोचायच्या कशा, तोही एक कारखानाच होता. तालुक्याचा वार्ताहर बहुधा अर्धवेळ. कोणाचा फोटो स्टुडिओ, कोणाचं झेरॉक्सचं दुकान. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन तो मोर्चा काढून यायचा, टेप पाकिटात घालायचा आणि एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा. पुढच्या मोठ्या गावच्या स्टँडवर दुसरा माणूस उभा. तिथून ती चित्रं हैदराबादला चढायची. एसटी पंक्चर झाली तर बातमी उद्यावर. पण येणार ती औशाच्या टँकरची, अहेरीच्या पुराची, लासलगावच्या कांद्याची. मंत्रालयाची पायरी हे त्या बातमीपत्राचं नाभिस्थान नव्हतं. जिल्ह्याची पानं काढणाऱ्या घराण्याचं वळण टीव्हीतही उतरलं होतं आणि मुंबईपासून दूर असल्यामुळे मुंबईचं दडपणही नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुंबईत बसून महाराष्ट्र बघितला की तो ठाण्यानंतर धूसर होत जातो. हैदराबादेतून सगळेच जिल्हे सारख्या अंतरावर.

आणि हे बातमीपत्र स्वतंत्र वृत्तवाहिनीवर नव्हतं. मालिका, पाककृती, शेती, गाणी, त्यातच बातम्या. बातमीपत्र सुरू व्हायचं आणि संपायचंही. संपणं ही त्यातली मोठी सोय. बाबा बातम्यांसाठी बसलेले, आई पुढच्या मालिकेसाठी जागा धरून, आणि त्यामुळे गडचिरोलीची बातमी आईच्या कानावरून जायची, सासू-सुनेचं भांडण बाबांच्या. 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली आणि 2013 ला संपली. तीन हजारांवर भाग. चार दिवस एवढे कसे चालतात हा विनोद तेव्हा महाराष्ट्रात प्रत्येकाने एकेकदा करून झाला आहे, मी पुन्हा करत नाही. बाबांना त्यातल्या रोहिणी हट्टंगडींचं काम आवडायचं. ते कबूल करायचे नाहीत, पण बातम्या संपल्यावर त्यांना उठायला नेहमी पंधरा मिनिटं लागायची.

मग वरती काय काय झालं. 2006 पासून मार्गदर्शीच्या ठेवींवरून रामोजी रावांचा आंध्र सरकारशी वाद पेटला, समूहाला बाहेरून भांडवल घ्यावं लागलं. जानेवारी 2012 मध्ये जाहीर झालं की रिलायन्सच्या पाठबळावर नेटवर्क18 ही टीव्हीतली कंपनी ई टीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्या घेणार. 2014 च्या सुरुवातीला व्यवहार पुरा झाला. यातली वाटणी बघण्यासारखी आहे. तेलुगू वाहिन्या घरातच राहिल्या, त्यांत पाहुण्यांना जेमतेम चौथा हिस्सा. उरलेल्यांचे दोन ढीग केले. हिंदी राज्यांच्या आणि उर्दूच्या, म्हणजे बातम्यांच्या वाहिन्या एका कंपनीत. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, उडिया, म्हणजे करमणुकीच्या, दुसऱ्या कंपनीत. पहिल्या ढिगाला पुढे न्यूज18 चे बिल्ले लागले. दुसरा ढीग व्हायकॉम18 कडे गेला, म्हणजे निम्मी मालकी अमेरिकन असलेल्या कंपनीकडे, आणि मार्च 2015 मध्ये आमची वाहिनी कलर्स मराठी झाली.

त्या आठवड्यात मी माहेरी होते. केबलचं बिल द्यायला म्हणून केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये गेले. आमच्याकडे तेव्हा अजून सेटटॉप बॉक्स नव्हते. पुणे, नागपूर, नाशिक 2013 ला डिजिटल झाले, लहान शहरांची मुदत 2015 संपेपर्यंत होती. त्यामुळे जुनी मांडणी जशीच्या तशी. गच्चीवर तीन मोठ्या छत्र्या, खाली भिंतभर लोखंडी घोडा, त्यात एका वाहिनीला एक रिसीव्हर, एक मॉड्युलेटर, आणि प्रत्येकाखाली बॉलपेनने लिहिलेली चिकटपट्टी. 'ई मराठी' या पट्टीवर त्याने नवी पट्टी लावली होती, 'कलर म.' खालचा ई अर्धा दिसत होता. मी विचारलं, आता काय काय बदलणार? तो म्हणाला, 'कायबी नाही ओ ताई. वर मालक कोन का असंना, तार आपलीच हाय.' आणि पंखा माझ्याकडे वळवला.

तार त्याचीच होती हे खरं, पण काही नाही हे खरं नव्हतं. कलर्स मराठीवर बातमीपत्र राहिलं नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, कायद्याची आणि धंद्याची सरळ वाट होती. आपल्याकडे वृत्तवाहिनीत परदेशी भांडवलाला तेव्हा 26 टक्क्यांचं कुंपण होतं, करमणुकीच्या वाहिनीला नव्हतं. अमेरिकन भागीदार असलेल्या घरात बातम्या ठेवणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. शिवाय नेटवर्क18 कडे 2008 पासून लोकमत समूहाबरोबर निम्म्या भागीदारीतली आयबीएन लोकमत होतीच. एका घरात दोन बातमीखाती कोण पोसणार? हिशोब बिनचूक. त्यात बसली नाही ती झेरॉक्सच्या दुकानातून एसटीने निघणारी टेप.

याच कुंपणाने आणखी एक नाव बदलवलं होतं. 2007 ला आलेली स्टार माझा ही नावापुरती स्टारची. त्या कंपनीत स्टारचा वाटा 26 टक्के, बाकीचा कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिका समूहाचा, म्हणजे एबीपीचा. पुढे स्टारने बातम्यांतून अंग काढलं, आणि 1 जून 2012 ला तेच निवेदक तोच आवाज घेऊन एबीपी माझाचा माइक धरून उभे राहिले. इथे मात्र बिऱ्हाड हललंच नाही, दारावरची पाटी बदलली. बाबा अजून 'स्टार माझा लाव' म्हणतात आणि आम्ही लावतो.

अमेरिकेत हा प्रकार उलट्या बाजूने चालतो. तिथे गावचं स्टेशन हे मूळ, आणि ते वरच्या एखाद्या मोठ्या जाळ्याशी करार करून त्याचे कार्यक्रम घेतं. डिसेंबर 1993 मध्ये फॉक्सने सीबीएसच्या हातून अमेरिकन फुटबॉलचे हक्क पळवले, आणि पुढच्या वर्षी न्यू वर्ल्ड नावाच्या कंपनीची बारा स्टेशनं आपल्याकडे वळवून घेतली. माझी आतेबहीण डेट्रॉइटला असते. तिथलं दोन नंबरचं स्टेशन, डब्ल्यूजेबीके, डिसेंबर 1994 मध्ये असंच सीबीएस सोडून फॉक्सला लागलं, आणि सीबीएसला गावात जागा शोधत थेट 62 नंबरवर जावं लागलं. पण फॉक्सकडे तेव्हा द्यायला कार्यक्रमच कमी. सकाळचा कार्यक्रम नाही, रात्रीचे दोनच तास. मग या स्टेशनांनी रिकामा वेळ कशाने भरला? गावच्या बातम्यांनी. संलग्नता बदलली आणि स्थानिक बातम्या वाढल्या! कारण बातमीखातं गावच्या स्टेशनचं होतं. आपल्याकडे गावाच्या मालकीचं स्टेशनच नाही. वाहिनीचा मालक गेला की तिच्याबरोबर बातमीही जाते.

डिजिटल झाल्यावर उरलंसुरलं वेगळं झालं. बॉक्समध्ये वाहिन्या जातवार लावलेल्या असतात: करमणूक एका गठ्ठ्यात, सिनेमे दुसऱ्यात, बातम्या तिसऱ्यात, प्रत्येकीला तीन-चार आकडी नंबर. चित्र स्वच्छ आलं, मुंग्या गेल्या, हे कबूल. आई तर पहिल्या दिवशी साड्यांचे काठ बघत बसली होती. पण पूर्वी एक बटण खाली-वर करताना जे मध्येच भेटायचं ते भेटेनासं झालं. फेब्रुवारी 2019 मध्ये नवी दरपद्धत आली. पहिल्या शंभर वाहिन्यांचा 130 रुपये पाया, करासकट 153 रुपये 40 पैसे, आणि वर हव्या त्या वाहिनीचे वेगळे पैसे. केबलवाला छापील याद्या घेऊन दारोदार फिरला. बाबांनी चष्मा लावून खुणा केल्या, आईने त्यांच्या दोन खुणा खोडून आपल्या केल्या. त्या यादीत मालकांचे पुडे होते: झीचा पुडा, स्टारचा पुडा, सोनीचा पुडा. मला वाटतं आपल्या लोकांना वाहिनी कोणाची हे पहिल्यांदा त्या कागदावर कळलं, तेसुद्धा पुडा स्वस्त पडतो म्हणून.

बिऱ्हाडं अजून थांबलेली नाहीत. झी आणि सोनी एक होणार, म्हणजे झी मराठी आणि सोनी मराठी एका छपराखाली जाणार, असं 2021 पासून चाललं होतं. जानेवारी 2024 मध्ये ते फिसकटलं. त्याच 2021 च्या ऑक्टोबरात चेन्नईच्या सन समूहाने सन मराठी आणली. म्हणजे मराठीचा खप दक्षिणेला पुन्हा दिसला! पण सन मराठीवर मालिकाच आहेत, तालुके नाहीत.

आणि रामोजी रावांचं काय? ते 8 जून 2024 ला गेले. पण त्याआधी, 2019 मध्ये, त्यांच्या समूहाने ई टीव्ही भारत काढलं. टीव्हीवर नाही, मोबाइलवर, तेरा भाषांत, मराठी धरून, पुन्हा त्याच फिल्म सिटीतून आणि पुन्हा जिल्ह्याचे वार्ताहर नेमून. 2021 मध्ये लहान मुलांची बाल भारत आली, तीही मराठीतून दिसते; माझी भाची तिच्यावर कार्टून बघते आणि तिला हे सगळं पुराण सांगायला गेलं की माझ्याकडे दयेने बघते. जुनं घर विकलेल्या माणसाने त्याच गल्लीत पुन्हा दुकान थाटावं, तसं मला ते वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. फक्त आता ती बातमी ज्याने शोधली त्यालाच दिसते. मालिकेची वाट बघत बसलेल्या आईच्या कानावरून ती जात नाही.

मावसभाऊ 2012 च्या बातमीनंतर काही महिन्यांतच परत आला. आता लातूरला त्याचा फ्लेक्स छापायचा व्यवसाय आहे, बरा चालतो. बाबांच्या तालुक्याच्या बातम्या मात्र व्हॉट्सॲपच्या गटांतून येतात, दिवसाला पन्नास, आणि खरी-खोटी पारखायला बाबा त्यालाच फोन लावतात. मागच्या पावसाळ्यात उदगीरजवळचा पूल वाहून गेल्याचा व्हिडिओ फिरत होता. बाबांचं त्याच रस्त्याने जायचं ठरलेलं. त्याने व्हिडिओ बघितला, दोन मिनिटांत उलटा फोन केला.

'काका, तुम्ही निघा बिनघोर. मागच्या दुकानाची पाटी तेलुगूत आहे. खम्मम लिहिलंय.'